सकाळचे कपडे

"माझी पँट कुठाय?"

साहेब पलंगावर बसले होते. अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. बोट धक्क्याला लागून बराच वेळ झाला होता आणि केबिनबाहेर माणसांची लगबग चालली होती.

साहेबांच्या बायकोने भिंतीतलं कपाट उघडलं, आत डोकं घातलं, लाइफ जॅकेटं इकडची तिकडे केली आणि दार लावलं.

"अहो, बॅगा कालच गेल्या की," ती म्हणाली.

"बॅगा गेल्या ते ठाऊक आहे मला! सकाळचे कपडे बाहेर ठेवायची अक्कल नको?"

"तुम्हीच म्हणालात, एक चिंधी मागे राहता कामा नये."

ते खरं होतं. बोटीचा नियमच तसा. उतरायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, बोटीची माणसं त्या उचलून नेतात, आणि सकाळी त्या धक्क्यावरच्या शेडमध्ये मिळतात. साहेबांनी हा नियम तिला मोठ्याने वाचून दाखवला होता. वाचायचं काम साहेबांचं, भरायचं तिचं.

साहेब नोकरीतून निवृत्त झाले होते, साहेबपणातून नाही. घरात पोटचा मुलगासुद्धा त्यांना साहेबच म्हणायचा. पाण्याचा पेला हातात द्यावा लागे, आणि रिकामा झाला की काढूनही घ्यावा लागे. "आधी बोट, मग हॉटेल, एकाच सुट्टीत दोन्ही!" असं ते महिनाभर येईल त्याला ऐकवत होते. तिला त्यातलं एवढंच कळलं होतं, की बोट म्हणजे न उघडणाऱ्या खिडकीची एक खोली आणि हॉटेल म्हणजे दुसरी. वर डेकवर जायचं ते साहेबांबरोबर, आणि साहेबांना वारा बाधतो. केबिनच्या दाराचं कार्ड, तिचा पासपोर्ट, तिचा फोन, सगळं साहेबांच्या कमरेच्या पाउचमध्ये. झोपतानासुद्धा पाउच कमरेलाच. तिचा जीव नुसता घुसमटून गेला होता.

आणि या गावात तिची ताई राहायची.

फार वर्षांपूर्वी साहेबांना आणायला ताईकडचं कुणी स्टेशनवर गेलं नाही. झालं! तेव्हापासून येणंजाणं बंद. ताईचा नवरा वारला, तरी बंदच. मध्यंतरी ताईने कसाबसा फोन केला होता. काचबिंदूने एक डोळा गेला होता, दुसराही जायच्या वाटेवर होता. "ये गं एकदा," ताई म्हणाली होती, "तुझं तोंड दिसतंय तोवर ये."

बोटीवर पहिल्याच दिवशी तिने भीत भीत विषय काढला होता. "तासभर जाऊन येऊ या का? वाटेतच तर आहे."

"धक्क्यावर हॉटेलची गाडी येणार, गाडीतून थेट हॉटेल," साहेब म्हणाले होते. "पुन्हा त्या बाईचं नाव काढायचं नाही."

तिने पुन्हा नाव काढलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडली मात्र पोटभर.

आता भिंतीतला स्पीकर खरखरला. हॉटेलचे पाहुणे अजून उतरले नसतील तर त्यांनी ताबडतोब उतरावं, बाकीच्या प्रवाशांना घेऊन बोट पुढच्या बंदराला निघणार आहे.

"ऐकलंस?" साहेबांचा आवाज जरा उतरला होता. "आता या चड्डीवर उतरू? तू मात्र बरी तयार!"

"मी कालच्याच कपड्यांत झोपले. केबिन झाडणाऱ्या बाईंना विचारू का? कुणाची तरी पँट मिळेल."

"कुणाची तरी? मी दुसऱ्याची पँट घालू? खबरदार कुणाला सांगशील तर! बोटभर बोभाटा होईल."

तिने चपला पायात सरकवल्या. मग म्हणाली, "तर मग मीच खाली जाते. पण पासपोर्टशिवाय सोडत नाहीत. आणि फोन असू दे, बॅग सापडली नाही तर?"

साहेबांनी नाइलाजाने पाउचची चेन ओढली. तिचा पासपोर्ट, तिचा फोन आणि हमालासाठी दोन नोटा तिच्या हातात आल्या.

"पळत जा, पळत ये," साहेब म्हणाले. "एक काम धड करता येत नाही तुला."

"दार लावून घेता?"

"तूच ओढ की जाताना."

तिने दार ओढलं.

शेडमध्ये बॅगा ओळीने मांडल्या होत्या. त्या दोघांच्या बॅगा शेजारी शेजारीच होत्या. "दोन्ही उचलू ना, बाई?" हमालाने विचारलं.

"एकच. ही लहान."

हॉटेलचा ड्रायव्हर पाटी धरून उभा होता. तो पुढे झाला. "मॅडम, साहेब कुठायत?"

"वर आहेत. कपडे करायचेत त्यांना," ती म्हणाली आणि रस्त्यावरच्या पहिल्या टॅक्सीत बसली. पत्ता तिला पाढ्यांसारखा पाठ होता. टॅक्सी सुरू होताच तिने फोन लावला.

"ताई, उन्हात खुर्ची टाकून बस. चांगल्या उजेडात. मी येतेय."

मागे बोटीने भोंगा दिला. तिने वळून पाहिलं, तर शिडी काढायला घेतली होती. तेवढ्यात हातातला फोन वाजला.

"कुठे उलथलीस?" साहेब ओरडत होते. "पँट सापडली की नाही?"

"हरवलीच कुठे होती, अहो?" ती म्हणाली. "शर्ट-पँट दोन्ही कपाटात आहेत, लाइफ जॅकेटांच्या मागे, काल रात्रीपासून. कपाट तेवढं स्वतः उघडा."