दोन तास नळ बंद

"दोन तासांत एवढं? या घरात हत्ती पाळलाय की काय," मीटरच्या खड्ड्यात वाकलेला प्लंबर स्वतःशीच पुटपुटला. शेजारी बॅटरी धरून उभ्या असलेल्या सुनेला ते ऐकू गेलं.

सकाळी सहा ते आठ कुणी नळाला हात लावायचा नाही, असं आदल्या दिवशी तोच बजावून गेला होता. आधीचा आकडा लिहायचा, नंतरचा लिहायचा. आकडा जागचा हलला नाही, तर पाइप धडधाकट. सहा महिन्यांत पाण्याचं बिल दीडपट झालं होतं आणि नवऱ्याने ते फारच मनावर घेतलं होतं. आज त्याने चहासुद्धा होऊ दिला नव्हता.

आकडा हलला होता. पण आता काटा अगदी गप्प होता. गळती अशी दमून थांबत नाही, प्लंबर म्हणाला. मधे कुणी नळ सोडला होता का?

नवऱ्याने छातीठोकपणे नाही म्हटलं.

सुनेने बॅटरी विझवली. साडेसहाला मागच्या न्हाणीघरात बारीक धार लागली, ती तिने ऐकली होती आणि उठून रेडिओ मोठा केला होता. गेले सहा महिने ती धार ती रोज पहाटे ऐकत होती. धार थांबली की जपून लोटलेलं दार, आणि उन्हं यायच्या आत गच्चीत वाळत घातलेली चादर. सासरे घरातही इस्त्रीचा सदरा घालणारे. स्वतःचं ताट त्यांनी कधी कुणाला उचलू दिलं नाही. अशा माणसाला हे विचारायचं कसं? विचारलं, तर ते पुन्हा या घरात मान वर करून बसणार नाहीत, याची तिला खात्री होती. गच्चीत नवराही जायचा. पण वडिलांच्या तब्येतीचा विषय निघाला, की त्याला नेमकं काहीतरी काम आठवायचं.

"मीच सोडला नळ. भांडी विसळली," ती म्हणाली.

"दोन तास माझ्यासमोर बसून होतीस तू. उगाच काहीतरी सांगू नकोस."

मागच्या न्हाणीघरातला पाइप सगळ्यात जुना, तिथूनच सुरुवात करा, त्याने प्लंबरला सांगितलं. प्लंबरने परत एकदा काट्याची आठवण करून दिली. नवरा ऐकेना. फोडा म्हणाला. घर तुमचं, असं म्हणून प्लंबरने न्हाणीघरात जाऊन छिन्नी फरशीच्या सांध्यावर टेकवली.

पहिल्या घावाला टवका उडाला. दुसऱ्यासाठी हातोडी वर गेली, तेव्हा दारात सासरे उभे होते. हातात बादली, बादलीत पिळलेली चादर. आज घरात परका माणूस येणार, म्हणून ती गच्चीत गेलीच नव्हती.

"थांबा. पाइप चांगला आहे." ते ना प्लंबरकडे बघत होते, ना सुनेकडे. मुलाकडे बघत होते. "रात्री अंथरुणातच होतं माझं. कळत नाही मला. रोज उठून धुतो मी."

नवऱ्याने मान खाली घातली. त्याला नवल वाटल्याचं मात्र दिसलं नाही.

सासऱ्यांनी बादली खाली ठेवली.

"फरशी फोडायला निघालास तू," ते म्हणाले, "पण मला एकदाही विचारलं नाहीस."