गळ्यातलं कुलूप

फणी गुरुमायच्या हातात होती आणि केस चिंगहेचे. यूचेन देवळाच्या उंबऱ्यातच थबकली. घरी हीच पोरगी फणी लागली की किंचाळायची. इथं मात्र डोळे मिटून मांजरीसारखी बसली होती.

"माझ्यापुढं कधी बसली नाहीस गं अशी."

"तू ओढतेस, आई."

"ओढणारच. माझी आहेस." यूचेन गुरुमायकडे वळली. "चहातून काय पाजलंत हो हिला? कॉलेज सोडलं हिनं. नव्या वर्षाला घरी आली, तर मी धुरी देऊन ठेवलेल्या मांसाला ही शिवलीसुद्धा नाही. तुमच्या खारातल्या मुळ्याचं कौतुक मात्र उठता-बसता!"

"मुळा खारटच होतो माझा, ताई. कौतुक उगाच करते ती."

चिंगहे खुदकन हसली. ते हसू यूचेनला मिरचीसारखं झोंबलं.

पोरीच्या नशिबातच ताओची वाट, गुरुमायसारखा संन्यास आहे, असं गावातल्या बायका म्हणत. यूचेनला कारण वेगळंच ठाऊक होतं. चिंगहेच्या गळ्यात चांदीचं चिमुकलं कुलूप होतं. तान्हेपणी ती तापानं हातची जाऊ लागली, तेव्हा यूचेननंच तिला इथल्या देवीच्या पदरात घालून ते अडकवलं होतं. बाराव्या वर्षी लेकराला परत आणायचं, कुलूप उघडायचं आणि सोडवून न्यायचं, अशी रीत. यूचेन आलीच नाही. कुलपाबरोबर जीवही निघाला तर? किल्ली तिनं इतकी वर्षं कमरेलाच बाळगली होती.

आज ती किल्ली मुठीत होती. "मी हे उघडणार. मग हिच्यावर कुणाचा हक्क नाही. कबूल?"

"कबूल," म्हणत गुरुमायनं फणी खाली ठेवली आणि ती बाजूला सरली.

यूचेननं किल्ली कुलपात घातली. किल्ली फिरली. चिंगहेनं मान चोळली, भरून श्वास घेतला. काही झालं नाही. यूचेननं तिचा दंड घट्ट धरला. "चल घरी."

"आई, गुरुमाय कधीच्या थांबल्यात. नवसात अडकलेल्या मुलीला दीक्षा देता येत नाही. ज्यानं कुलूप घातलं, त्यानंच काढावं लागतं. किती बोलावलं तुला! आलीस ती भांडायला."

"अगं, पण मी... मी आई आहे तुझी."

"तूच म्हणालीस ना, कुणाचा हक्क नाही."

चिंगहेनं दंड अलगद सोडवून घेतला, फणी उचलून गुरुमायच्या हातात दिली आणि पुन्हा तिच्या पुढ्यात जाऊन बसली.