दोन दिवस आधी

सोमवारी सकाळी संगणकावर तेवीस नंबरच्या गाईपुढे लाल ठिपका उमटलेला बघून तिला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

निवड समिती बुधवारी येणार होती. पशुवैद्यक महाविद्यालयात ती सहा वर्षं कंत्राटावर शिकवत होती. दर वर्षी मुदतवाढीच्या कागदासाठी विभागप्रमुखांच्या दाराशी ताटकळायचं, हे आता अंगवळणी पडलं होतं. यंदा कायमची जागा निघाली होती. एकच. आणि दाखवायला तिच्याकडे कामही एकच होतं, गोठ्यातल्या गाईंच्या गळ्यातले पट्टे. मानेवर पट्टा कसा हलतो हे त्यातलं यंत्र टिपायचं, संगणक ते वाचायचा आणि जी गाय आजारी पडणार तिच्या नंबरापुढे दोन दिवस आधी लाल ठिपका द्यायचा. दहातल्या नऊ वेळा खरा.

म्हणजे तेवीस नंबर बुधवारी समितीदेखत आजारी पडली, तर जागा आपली.

गोठ्यात तेवीस नंबर गव्हाणीत तोंड घालून मजेत खात होती. कुणी जवळ गेलं की नाक वर करायची म्हणून सगळे तिला राणीसाहेब म्हणत. गोठ्याचे काका शेण ओढत होते. सत्तावीस वर्षं त्यांचा हात इथल्या गाईंवर फिरला होता.

“काका, हिचं काय वाटतं तुम्हाला?” तिला राहवलं नाही.

“यंत्र म्हणतंय ना? मग मी कोण सांगणारा?” ते हसले.

टोमणा तिच्या जिव्हारी लागला. काम सुरू झालं तेव्हा तिनंच त्यांना ताकीद दिली होती. कुठली गाय आजारी पडणार याचा अंदाज तुम्ही बोलून दाखवायचा नाही, त्यानं प्रयोग बिघडतो. तेव्हापासून माणसानं तोंडाला कुलूप घातलं होतं.

“औषध सुरू करायचं का?” एवढंच त्यांनी विचारलं.

“बुधवारपर्यंत थांबू या.”

 काका राणीसाहेबांची मान खाजवत उभे राहिले.

दुपारच्या तासाला एका मुलीनं विचारलं, की आजार यायच्या आधी पट्ट्याचा हेलकावा बदलतो, हे समजलं. पण का बदलतो? तिनं खडू खाली ठेवला. ते अजून सापडलेलं नाही, म्हणाली. बोलता बोलता तिला ते आठ दिवस आठवले. काका लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते, बदली माणसाला धड धारही काढता येत नव्हती, आणि नेमक्या तेव्हा दोन गाई पडल्या. ठिपका एकीलाही आला नव्हता. त्या आठवड्यात इंटरनेटही रडतखडत चालत होतं. तिनं दोष त्याच्यावर टाकला आणि ते आठ दिवस हिशेबातून वगळून टाकले.

मंगळवारी संध्याकाळी घरी आली तेव्हा लेक पातेल्यावर पळी बडवत होती. सासूबाईंनी तिला मांडीवर ओढलं, फ्रॉकच्या गळ्याचं बटण सोडलं आणि म्हणाल्या, “उद्या हिला पाळणाघरात नको पाठवू. ताप येणार आहे.”

“आई, अंग तर गार आहे.”

“येईल. बघ तू.”

“तुम्हालाच एक पट्टा बांधते,” ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

बुधवारी पहाटे लेकीचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं. कपाळावर ओली घडी ठेवून, सासूबाईंच्या हवाली करून ती निघाली. वाटभर हाताला तो ताप जाणवत राहिला.

गोठ्यात राणीसाहेब मान टाकून उभ्या होत्या. कास सुजलेली, लालबुंद. हात लावू देईनात. सोमवारी औषध मिळालं असतं तर हे इतकं झालं नसतं, हे तिला ठाऊक होतं. काकांनाही. ते तिच्याकडे न बघता कास शेकत राहिले.

समितीनं सोमवारचा ठिपका पाहिला, समोरची गाय पाहिली आणि माना डोलावल्या. बाहेरून आलेल्या वयस्कर परीक्षक बाईंनी तेवढं विचारलं, “पण का?”

“तेच शोधायला कायमची जागा हवी आहे,” ती म्हणाली. सगळे हसले.

शुक्रवारी विभागप्रमुखांनी तिच्यापुढे दोन कागद सरकवले. एक तिच्या नेमणुकीचा. दुसऱ्यावर शिफारस होती, की गोठ्याला आता कायम माणूस नको, झाडलोटीला ठेकेदाराची माणसं येतील. खाली तिच्याच अहवालातलं वाक्य होतं, ‘अनुभवी नजरेवर विसंबण्याची गरज उरत नाही.’

“तुमचंच वाक्य आहे, मॅडम,” ते म्हणाले आणि पेन पुढे केलं.

तिनं दोन्हीवर सही केली.

शनिवारी काका गोठ्याची चावी द्यायला आले. आधी लेकीच्या तापाचं विचारलं, मग राणीसाहेब खायला लागल्याचं सांगितलं. तिनं चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांऐवजी तिनं वहीत चावी मिळाल्याची नोंद केली. उद्यापासून सगळे दिवस त्या आठ दिवसांसारखेच, बिनकाकांचे, एवढंच मनात येत राहिलं.

“बरं, एक राहिलंच,” दारातून ते मागे वळले. “तुम्ही बोलू नका म्हणालात, म्हणून इतके दिवस बोललो नाही. गाय आता पडणार असं दिसलं ना, की तिच्या गळ्यातला पट्टा दोन भोकं सैल करत जा, बाई. मी करायचो. दुखणं यायच्या आधी जनावराला गळ्याशी काही सहन होत नाही.”