जाळीवरचा हार

कोपाकाबानाच्या चर्चसमोर पाद्रीबाबांनी जुन्या कॅम्पर व्हॅनवर तीर्थ शिंपडलं आणि नेमेसियाने इंजिनापुढच्या जाळीवर फुलांचा भरगच्च हार बांधला. पहिलटकरीण लेकीचं तोंड दिसेपर्यंत तो सोडायचा नाही, असा तिचा मारियामातेला नवस होता. तिकडे घाटापलीकडच्या गावी लेकीला कळा सुरू झालेल्या. इकडे घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. नवऱ्याने हीटर लावला. "अहो, आधीच भट्टी, त्यात हीटर?" "अगं, इंजिनाची धग आत ओढतोय. पण तुझा हार वारा अडवतोय. सोड तो, नाहीतर नातवाच्या लग्नालाच पोचू!" हार ठेवला तर गाडी पोचणार नाही, काढला तर नवस मोडणार. मातेला हवंय तरी काय? तिने गाठ सोडली, हार स्वतःच्या गळ्यात घातला आणि पुटपुटली, "आई, कोपायचं तर माझ्यावर कोप. लेकीला सुखरूप मोकळं कर."