दूधभाऊ

सकाळी सातच्या घंटेला माल्वेत्ताचे ड्यूक फुल्व्हियो वारले. दुपारपर्यंत वैद्यांनी त्यांचं हृदय काढून शिशाच्या डबीत बंद केलं. घराण्याची रीतच तशी होती. देह राजधानीत, पूर्वजांच्या रांगेत. हृदय मरणाऱ्यानं सांगितलं असेल तिथं.

फुल्व्हियोंनी सांगितलेली जागा ऐकून दरबार चाट पडला. डोंगरातल्या सेर्रापियाना खेड्यात त्यांच्या दूधभावाची, म्हणजे त्यांना अंगावर पाजणाऱ्या दाईच्या तान्ह्या मुलाची कबर होती. हृदय त्या कबरीत, त्या मुलाच्या उशाशी ठेवायचं होतं.

चिटणीस आस्कानियो दोन शिपाई घेऊन दुसऱ्या दिवशी तिथं पोचला, तेव्हा म्हातारी मेनिका दाई कबरीवरच बसलेली होती. पाठीमागच्या लाकडी क्रूसावर ‘बेर्तो’ एवढंच कोरलेलं होतं.

“उठा मेनिकाबाई. ड्यूकची इच्छा आहे.”

“बाजूला खणा. नाहीतर माझ्या चुलीखाली पुरा. इथं फावडं लागू देणार नाही.”

“अगं, एवढा मान मिळतोय!” भिंतीपलीकडून शेजारीण एर्सिलिया ओरडली. “माझ्या नवऱ्याला शेजारी कोण मिळाला, तर तो दारुडा न्हावी!”

“मग दोघांचं बरं जमत असेल,” कबरी खोदणारा चेक्को म्हणाला.

फादर फाउस्तोंनी चिटणिसाला बाजूला घेतलं. “रागावू नका, साहेब. राजपुत्र हिच्याकडे होते त्या हिवाळ्यात तापाची साथ आली. ते वाचले, हिचं पोर गेलं. लोक म्हणतात, त्यांना पाजता पाजता स्वतःच्या पोराला दूध उरलं नाही.”

आस्कानियोला हे ठाऊक होतं. दर शरदात शिकारीच्या निमित्तानं तो ड्यूकबरोबर इथं यायचा. ड्यूक मेनिकाच्या चुलीपुढे बसून चेस्टनटच्या पिठाची भाकरी खायचे, मग या कबरीपाशी येऊन उभे राहायचे.

“त्याच्या वाटणीचं दूध मी प्यालो, दूधआई. त्यानं मला माफ केलं असेल?”

“माफ करण्यासारखं काही नाही, बाळा,” ती म्हणायची आणि तोंड फिरवायची.

माल्वेत्ताच्या प्रत्येक ड्यूकची हनुवटी लांब, घोड्यासारखी. फुल्व्हियोंची तेवढी गोल होती आणि गालाची हाडं डोंगरातल्या माणसांसारखी वर आलेली. याचं कुणाला नवल वाटलं नव्हतं. ज्याचं दूध प्यावं त्याचं रूप येतं, असं वैद्यही सांगत. थोरले ड्यूक हसून म्हणत, “माझा मुलगा डोंगर पिऊन आलाय!” पुढे फुल्व्हियोंनी दलदल उपसून शेतं काढली, पिठावरचा कर उतरवला, एकही लढाई केली नाही. दरबारानं त्यालाही दुधाचाच गुण म्हटलं.

आता गादीवर त्यांचा सहा वर्षांचा मुलगा होता. ड्यूकचा वंश खुंटला की मुलूख पोपकडे जायचा, असा जुना करार होता. रोमचा वकील राजधानीत ठाण मांडून बसला होता. आस्कानियोला लवकर परतायचं होतं. शिपायांना हात लावायला सांगणं त्याच्या जिवावर आलं. तो म्हातारीसमोर उकिडवा बसला.

“शुद्धीवर होते तेव्हा मी जवळच होतो. शेवटचं बोलले ते एवढंच, की मला बेर्तोपाशी निजवा, मग तरी तो माफ करेल.”

मेनिकानं मान वर केली. “शेवटपर्यंत तेच होतं का त्याच्या मनात?”

“शेवटपर्यंत.”

ती क्रूसाला धरून आपली आपण उठली.

“वरच्यावर खण, चेक्को. खाली जाऊ नकोस.”

चेक्को वरच्यावरच खणत होता. पण इतक्या वर्षांच्या पावसांनी उतारावरची माती वाहून गेली होती. फावडं लगेच कुजक्या फळीत घुसलं. मातीबरोबर काहीतरी चकाकतं वर आलं. चेक्कोनं ते अंगठ्यानं पुसलं आणि घाबरून चिटणिसाच्या हातात दिलं.

सोन्याचं पदक. त्यावर माल्वेत्ताचा बुरूज. बाप्तिस्म्याच्या वेळी गादीच्या वारसाच्या गळ्यात घालतात ते. फुल्व्हियोंचं पदक दाईच्या हातून ओढ्यात पडलं, पण मुलगा जिवंत परत आला म्हणून थोरल्या ड्यूकनी तिला माफ केलं, ही गोष्ट दरबारात सगळ्यांना माहीत होती.

“हे ओढ्यात पडलं होतं ना?” आस्कानियोनं विचारलं.

मेनिकानं पदकाकडे पाहिलं, मग शिशाच्या डबीकडे.

“नव्हतं पडलं. मी चोरलं.”

“का?”

“पोराला रिकाम्या गळ्यानं पुरवेना.”

“म्हणून बसली होती होय कबरीवर!” एर्सिलियानं छातीवर क्रूस काढला.

“ड्यूकच्या सोन्याची चोरी म्हणजे जन्माची कोठडी, बाई. ठाऊक आहे?” आस्कानियो म्हणाला.

“ठाऊक आहे. चोरी म्हणूनच लिहा, साहेब. दुसरं काही लिहू नका.”

फादरांनी प्रार्थना म्हटली. डबी खाली ठेवली गेली, माती लोटली गेली. शिपाई मेनिकाला खेचरावर बसवून राजधानीला घेऊन गेले. ती किल्ल्यावर आहे. आस्कानियोनं पदक अजून कुणाला दाखवलेलं नाही, आणि कोठडीच्या हुकमावर सहीही केलेली नाही.

माती लोटण्याआधी म्हातारीनं डबी क्षणभर मागून घेतली होती. तिनं ती छातीशी धरली, पदराआड घेतली, आणि वाकून तिच्याशी काहीतरी बोलली. आस्कानियो जवळ उभा होता, म्हणून त्याला तेवढं ऐकू आलं.

“ते दूध तुझंच होतं रे, बेर्तो.”