पेल्याची नव्वी

“आली का माझी नव्वी?” ओव्हिदियोने पथारीपाशी येऊन विचारलं.

“आधी माते प्या. नव्वी काय पळून जातेय?” देल्मिराबाईंनी उजव्या हाताने माते या कडवट चहाचा गरम तुंबा पुढे केला. डावा हात नेहमीसारखा एप्रनच्या खिशात.

मोन्तेविदेओच्या रविवारच्या बाजारात बाई जुने स्पॅनिश पत्ते विकत, पेले, नाणी, तलवारी आणि सोटे अशा चार रंगांचे. ओव्हिदियो सिनेमा आणि कार्टूनवाले कॅट जमवी. घरी तीनशे बारा कॅट होते: घोडेस्वारांचे, हेरांचे, चंद्रावर गेलेल्या मांजरांचे. समोर बसून खेळायला मात्र कुणी नव्हतं, आणि त्रुको हा थापांचा पत्तेखेळ एकट्याने खेळता येत नाही. स्वतःलाच थाप कशी मारणार? आठवडाभर तो पाववाल्याकडे ‘दोन द्या’ एवढंच बोले. बाकीचं सगळं बोलणं रविवारसाठी साठवून ठेवी.

दोन वर्षांपूर्वी त्याने बाईंकडून कप्तान कोंबड्याच्या जुन्या कार्टूनचा कॅट घेतला होता. पुढच्याच रविवारी तो परत आला. अठ्ठेचाळीसाच्या जागी सत्तेचाळीसच पत्ते आहेत, पेल्याची नव्वी नाही, म्हणाला.

“त्रुकोवाल्यांचे प्रताप!” बाई हसल्या होत्या.

त्रुकोत अठ्ठ्या-नव्व्या लागतच नाहीत. घरोघर त्या पहिल्याच दिवशी बाजूला काढतात आणि मग हरवतात. हरवल्या नाहीत तर जन्मभर कोऱ्या करकरीत राहतात. बाकीच्या चाळीस पत्त्यांचं कुटून कुटून फडकं होतं.

तेव्हापासून दर रविवारी तोच प्रश्न आणि तेच “नाही हो आली.” मग बाईंच्या बहिणीचे किस्से, ओव्हिदियोच्या गुडघ्याची रडगाणी, बघता बघता दुपार होई. तो पत्त्यांच्या याद्या एका वहीत लिही. तिच्या कव्हरात काहीतरी खोचलेलं बाईंनी एकदा पाहिलं.

“कुणाचा फोटो लपवलाय हो?”

“कुणाचा नाही,” म्हणत त्याने वही मिटली होती.

आज मात्र बाईंनी तुंबा खाली ठेवला. “आली तुमची नव्वी,” त्या म्हणाल्या आणि एक बंद पाकीट त्याच्यापुढे धरलं. “कालच एका घरातून कॅट घेतला, त्यात सापडली. खोक्याच्या तळाशी पडून होती. कुणाचा हात लागलेला नाही.”

ओव्हिदियोने नाचायला हवं होतं. त्याने पाकीट उघडूनही पाहिलं नाही.

“आणि पथारी गुंडाळतेय मी. बुधवारी रिवेराला, बहिणीकडे. कायमची. म्हटलं, जाण्याआधी तुमचं काम राहायला नको.”

“छान झालं,” तो म्हणाला.

“छान काय त्यात?”

“म्हणजे... कॅट पुरा झाला.”

“झाला खरा. आता तुम्हालाही इकडे खेपा नकोत.” बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उगाचच समोरचे कॅट सरळ करू लागल्या. ओव्हिदियोही उगाचच उभा राहिला, आभार मानले आणि चालू लागला.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने कॅट मांडला. चाळीस पत्ते मळके, आणि अठ्ठ्या-नव्व्या मिळून सात, आरशासारख्या लखलखीत. मग त्याने पाकीट फोडलं.

बाईंची नव्वी धुवट रुमालासारखी मऊ होती. कोपरे गोल झालेले. कप्तान कोंबड्याचा लाल तुरा अंगठ्याएवढा पुसलेला. मातेचा वास येत होता. नव्वीने तर कुणी खेळत नाही. ओव्हिदियोला बाईंचा डावा हात आठवला. किती रविवार ती त्या खिशात होती कोण जाणे. त्याला रडू आलं.

बऱ्याच वेळाने त्याने वही उघडली, कव्हरात खोचलेली आपली पेल्याची नव्वी काढली, दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी कॅटमधून बाजूला केलेली, कोरी करकरीत, आणि बाईंच्या नव्वीशेजारी ठेवली.