आखलेले डोळे

हमरापुरात काशीबाईंच्या गणपती कारखान्याचा एक दंडक होता. डोळे आखून झाले की त्या मूर्तीला क्षणभरही एकटे सोडायचे नाही. म्हणून आखणी त्या सर्वांत शेवटी करीत, आणि ती त्यांच्यावाचून दुसऱ्या कुणी करायची नाही.

वादळाची वर्दी आली तसे अवघे गाव शाळेच्या पक्क्या इमारतीकडे निघाले. कारखान्याचे पत्रे थडथडू लागले, तरी जनूचा पाय निघेना.

"आये, एवढे देव टाकून कसा जाऊ गो?"

"देव कसले रे? डोळे नाय तवर ती नुस्ती माती. मातीपायी मानूस घालवायचा नसतो. शांतीला घे नि नीघ. मी कुलूप लावून आलेच."

एवढे बोलून काशीबाईंनी लेकाला खांद्याला धरून बाहेर लोटले. त्यांचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

शाळेचे दार लावायची वेळ झाली, तरी त्या आल्या नाहीत. दूरवर कारखान्याचा पहिला पत्रा आभाळात गेला.

"अवो, हे काय लागलंय?" शांतीने नवऱ्याच्या खांद्याकडे बोट दाखवले.

सदऱ्यावर आईची पाचही बोटे उमटली होती. डोळ्यांच्या आखणीचा काळा रंग होता तो, अजून ओला.